फिल्टरची किल्ली तुमच्या हातात आली तर?

चौकातल्या आरओ प्लांटवर टीडीएसचा आकडा झळकतो, आपण जार भरतो आणि निघतो. पण तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही? 'फिल्टरचं पाणी' खरंच शुद्ध ठेवायचं तर रोज कुणीतरी काय काय बघावं लागतं, ते जाणून घेऊ.

समजा, उद्या सकाळी सहा वाजता ग्रामपंचायतीचा शिपाई तुमच्या दारात येतो. हातात किल्ली ठेवतो आणि म्हणतो, "आजपासून फिल्टर तू बघायचा. आयटीआय झालंय ना तुझं? मग जमतंय की!"

तुम्हाला वाटेल, यात बघायचंय काय? बटण दाबलं की मोटार चालू. नाणं टाकलं की नळाला पाणी. एकाचा जार भरला की पुढचा. चार-पाच तास बसायचं, मोबाईल बघायचा, संध्याकाळी गल्ला मोजायचा. गावात राहून हातखर्चाची सोय.

आता रांगेत तिसऱ्या नंबरला उभ्या असलेल्या वहिनींकडे बघा. त्यांच्या घरी चार महिन्यांचं बाळ आहे. त्याला पावडरचं दूध चालू आहे आणि ते कालवायला फिल्टरचंच पाणी वापरायचं, असं घरात ठरलंय. जारमध्ये काय आहे ते वहिनींना दिसत नाही. तुम्हालाही दिसत नाही. पण ते तपासायची सोय तुमच्या हातात आहे. ऑपरेटरचं खरं काम ते आहे.

बोअरच्या पाण्यात असतं काय?

धाराशिव असो की तुळजापूर, उमरगा असो की परंडा, आपल्या आठही तालुक्यांत खाली काळा पाषाणच आहे. बेसाल्ट. या खडकाला वाळूसारखी छिद्रं नसतात. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. पाऊस पडला की वरचं पाणी याच वाटेनं खाली जातं आणि जाताना जे भेटेल ते सोबत घेऊन जातं.

वाटेत काय भेटतं? गोठ्यामागचा उकिरडा. शेळ्यांचं खत. संडासाचा शोषखड्डा. उसाला टाकलेला आणि पिकानं न घेतलेला युरिया. या सगळ्यांतल्या नत्राचं जमिनीत नायट्रेट होतं. नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं, मातीला चिकटून राहत नाही आणि भेगांतून थेट बोअरपर्यंत पोचतं.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या वार्षिक अहवालात देशातल्या ४४० जिल्ह्यांत कुठं ना कुठं नायट्रेट मर्यादेबाहेर आढळलंय. महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी ३५ टक्क्यांहून जास्त नमुने मर्यादेबाहेर होते. नायट्रेट जास्त असलेल्या देशातल्या पंधरा जिल्ह्यांची यादी त्यात आहे. त्यातले सात आपल्या राज्यातले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. धाराशिव त्या यादीत नाही. पण बीड शेजारीच आहे आणि खडक, ऊस, गोठे, उकिरडे दोन्हीकडं सारखेच आहेत.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. बाकी काही घटकांना दुसरा स्रोत नसेल तर सूट मिळते. टीडीएस ५०० पर्यंत चांगला, पण नाइलाज असेल तर २००० पर्यंत चालतो. नायट्रेटला अशी सूट नाही. कारण बाळं. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिऊन निळी पडलेली तान्ही मुलं बघितली आणि त्याचा संबंध नायट्रेटशी जोडला. नायट्रेटमुळं बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना हा धोका सगळ्यात जास्त.

आणि या नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळलं तर ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी फिरवून जात नाही. टीसीएल पावडर टाकून जात नाही, ती जंतूंसाठी असते. म्हणूनच आरओ लागतो.

यंत्राच्या पोटात

किल्ली लावून आत या. बोअरचं पाणी आधी वाळूच्या फिल्टरमधून जातं, तिथं गाळ अडतो. मग कार्बन फिल्टर. तो वास, रंग आणि पाण्यातला क्लोरीन काढतो. हे महत्त्वाचं आहे, कारण पुढच्या मेंब्रेनला क्लोरीन सोसत नाही. पुढं एक छोटा डोसिंग पंप थेंब थेंब अँटिस्केलंट सोडतो. आपल्याकडच्या जड पाण्यानं बंबाला आणि हंड्याला आतून जो पांढरा थर धरतो, तसाच थर मेंब्रेनवर धरू नये म्हणून हे औषध. मग कार्ट्रिज, म्हणजे बारीक धाग्यांची ती पांढरी नळी. मग मोठ्या दाबाचा पंप आणि शेवटी मेंब्रेन.

मेंब्रेनमधून दोन पाइप बाहेर पडतात. एकातून शुद्ध पाणी टाकीकडं जातं. दुसऱ्यातून अडवलेले सगळे क्षार घेऊन पाणी बाहेर पडतं. त्याला सगळे 'रिजेक्ट' म्हणतात. त्याच्याकडं नंतर येऊच.

टीडीएसचा आकडा फसवतो तो असा

टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध, असं मीही आत्ताआत्तापर्यंत समजायचे. पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची एकत्र बेरीज. त्यात कोण किती आहे ते मीटर सांगत नाही. वर्गाची सरासरी ७० टक्के आली म्हणून गणितात कुणीच नापास नाही, असं होत नाही ना? तसंच.

एक हिशोब करून बघू. समजा, बोअरच्या पाण्याचा टीडीएस १२०० आणि नायट्रेट १२० आहे. मेंब्रेन नवी आहे. ती टीडीएस ९५ टक्के काढते, म्हणजे बाहेर ६० येतो. नायट्रेट हा मेंब्रेनला अडवायला जरा अवघड घटक. तो ९० टक्के अडला, म्हणजे बाहेर १२. झकास.

दोन वर्षं गेली. धुणं झालं नाही, कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही. आता मेंब्रेन टीडीएस ८० टक्के काढते, म्हणजे बाहेर २४०. लोक म्हणतात, 'दोनशे चाळीस! मस्त, पाण्याला चवही आली.' पण नायट्रेट आता ६० टक्केच अडतंय. १२० चे राहिले ४८. मर्यादा ४५. बोर्डावर सगळं ठीक दिसतंय आणि वहिनींच्या जारमध्ये नायट्रेट मर्यादेबाहेर गेलंय.

हाच प्रकार मिक्सिंगच्या व्हॉल्व्हचा. पाणी फार मचूळ लागतं अशी तक्रार आली की काही ठिकाणी शुद्ध पाण्यात थोडं बोअरचं पाणी मिसळलं जातं. वरच्याच उदाहरणात मेंब्रेन अगदी चांगली आहे, पण शंभरातलं ३५ भाग पाणी कच्चं मिसळलं, तर टीडीएस जेमतेम ५०० च्या आत राहतो आणि नायट्रेट ५० च्या घरात जातं. व्हॉल्व्ह फिरवायला दोन सेकंद लागतात. नायट्रेट मर्यादेबाहेर गेल्याचं मात्र मीटरवर दिसत नाही.

म्हणून नायट्रेट वेगळं तपासायचं. आठवड्यातून एकदा किटवर, आणि मेंब्रेन किंवा व्हॉल्व्हला हात लावला की त्या दिवशी परत. किट वापरताना एक गोष्ट आधी वाचा. काही किटवर आकडा 'नायट्रेट' म्हणून असतो, तर काहींवर 'नायट्रेटमधलं नत्र' म्हणून. पहिल्यात मर्यादा ४५, दुसऱ्यात साधारण १०. दुसऱ्या प्रकारच्या किटवर २० आले आणि तुम्ही '४५च्या आत आहे' म्हणून बसलात, तर पाणी दुपटीनं खराब असूनही पास होईल.

शंभर पानी वही

या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित यंत्र म्हणजे वही. रोज प्लांट चालू करून पंधरा-वीस मिनिटं झाली की हे लिहायचं:

कच्च्या पाण्याचा टीडीएस आणि शुद्ध पाण्याचा टीडीएस. दोन्ही. नुसता बाहेरचा लिहिला तर मेंब्रेन बिघडली की बोअरचं पाणी बदललं, ते कळणार नाही. उन्हाळ्यात पाणीपातळी खाली गेली की कच्च्या पाण्याचेच क्षार वाढू शकतात.

कार्ट्रिजच्या आधीचा आणि नंतरचा दाब. दोन्ही गेजमधला फरक रोज वाढत चाललाय, म्हणजे कार्ट्रिज चोंदतंय. गेजची काच फुटलीय, काटा शून्यावर अडकलाय, ही परिस्थिती असेल तर पहिली मागणी नव्या गेजची करा.

शुद्ध पाण्याचा आणि रिजेक्टचा वेग. फ्लोमीटर नसेल तर वीस लिटरचा जार आणि मोबाईलचं स्टॉपवॉच पुरे. किती सेकंदांत भरला ते लिहा. शुद्ध पाण्याचा वेग १० ते १५ टक्क्यांनी उतरला की मेंब्रेन औषधानं धुवायची वेळ आली. पार बंद पडायची वाट बघितली तर थर इतका घट्ट बसतो की धुऊनही निघत नाही. पण घाई नको. थंड पाणी मेंब्रेनमधून कमी वेगानं जातं, त्यामुळं जानेवारीचा आकडा मेशी ताडून घाबरू नका. तुलना त्याच ऋतूशी करा. आणि त्यासाठी गेल्या वर्षीची वही लागते.

वीज किती वेळ गेली, बॅकवॉश कधी केला, काय बदललं. प्लांट बराच वेळ बंद राहिला तर सुरू झाल्यावरचं पहिल्या काही मिनिटांचं पाणी टाकीत घेऊ नका, त्याचा टीडीएस जास्त असतो. प्लांट बरेच दिवस बंद राहिला तर आत जंतू वाढतात, तेव्हा आधी नीट धुऊन काढा.

शेवटी जंतूंचं बघा. मेंब्रेनमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. यूव्ही दिवा असतो, पण त्याचं काम पाणी दिव्यासमोरून जाईपर्यंतच. पुढं टाकीचं झाकण उघडं, जार आतून शेवाळलेला, तोटीला हात लागलेला, तर तिथून पुन्हा सुरुवात. म्हणून टाकी धुतल्याची तारीखही वहीत लिहा आणि जंतूंची तपासणी बोअरवर करा तशी तोटीवरही करा. गावच्या नळयोजनेत हे काम क्लोरीन करतो. नळाच्या टोकाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा, म्हणून जलसुरक्षक नळाच्या पाण्यात ओटी टेस्टचे थेंब टाकून पिवळा रंग बघतात.

नमुना घेणं हीसुद्धा कला

प्रयोगशाळेचा रिपोर्ट नमुन्याइतकाच खरा. बोअरचा नमुना घ्यायचा तर मोटार काही मिनिटं चालू द्या, पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी जाऊ द्या. बाटली त्याच पाण्यानं विसळा. पण जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली विसळायची नाही, तिच्या तोंडाला आतून बोट लावायचं नाही. ती थंड ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. बाटलीवर गाव, ठिकाण, तारीख, वेळ. 'फिल्टर' एवढंच लिहिलं तर कच्चं पाणी की शुद्ध, कुणाला कळणार?

या कामात तुम्ही एकटे नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना किटवर पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावच्या त्या पाच जणी कोण, किट कुठल्या कपाटात आहे आणि त्यातल्या बाटल्यांची मुदत संपलीय का, एवढं आधी शोधा. प्रयोगशाळेत वर्षातून एकदा रासायनिक आणि दोनदा जैविक तपासणी व्हायला हवी. शिवाय वर्षातून दोनदा स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. तुमच्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे, माहितीये?

रिजेक्ट जातं कुठं?

आता तो दुसरा पाइप. तो बहुतेकदा प्लांटच्या मागं गटारीत सोडलेला दिसतो. आपल्या उदाहरणात तासाला १००० लिटर पाणी आत गेलं, ४०० शुद्ध मिळालं आणि ६०० रिजेक्ट. आत आलेलं नायट्रेट होतं १२० ग्रॅम. शुद्ध पाण्यात गेले जेमतेम पाच ग्रॅम. उरलेले ११५ ग्रॅम त्या ६०० लिटरमध्ये. म्हणजे लिटरला १९२ मिलिग्रॅम. आठ तास प्लांट चालला तर दिवसाला जवळपास एक किलो नायट्रेट मागच्या गटारीत. गटार कच्ची असेल आणि बोअर शेजारीच असेल, तर ते परत खाली मुरणार आणि तुम्ही उद्या ते परत उपसणार.

यंत्र नायट्रेट नष्ट करत नाही. जारमधलं काढून पाइपात टाकतं, बस्स. म्हणून हे पाणी बोअरपासून लांब न्या. शाळेच्या संडासाला, फरशी धुवायला, रस्त्यावर मारायला वापरा. गुरांना पाजू नका. काळ्या जमिनीवर रोज सोडत राहिलात तर क्षार साठून जमीन चोपण होण्याची भीती, म्हणून तेही नको.

घागर साफ, विहिरीचं काय?

'एरिन ब्रोकोविच' सिनेमा बघितलाय? कॅलिफोर्नियातलं हिंकली गाव, भूजलात मुरलेलं क्रोमियम आणि १९९६ साली कंपनीनं मान्य केलेली ३३ कोटी ३० लाख डॉलरची भरपाई. सिनेमा तिथं संपतो. पाणी साफ करायचं काम मात्र पुढं वर्षानुवर्षं चालत राहिलं. शेकडो निरीक्षण विहिरी खोदल्या, त्यातलं पाणी ठरावीक काळानं तपासत राहिले. आणि गंमत म्हणजे, दूषित पाण्याचा काही भाग उपसून लसूणघासाच्या शेतात दिला. तिथल्या मातीत विषारी क्रोमियमचं रूपांतर कमी घातक क्रोमियममध्ये होतं. आपल्याकडं म्हशीला घालतात तोच लसूणघास!

अशा कामाचा जगभरचा अनुभव एकच. पाणी उपसून साफ करत राहिलं की आकडे उतरतात, उपसा थांबवला की पुष्कळदा परत चढतात. भेगांत आणि मातीत अडकलेलं हळूहळू बाहेर येत राहतं. म्हणून यंत्र बंद केल्यावरही मोजणं बंद करायचं नसतं आणि वरून होणारी भर थांबवल्याशिवाय खालचं साफ होत नाही.

आपल्या गावात ती भर थांबवणं म्हणजे काय? बोअरशेजारचा उकिरडा हलवणं. हापशाभोवतीचा फुटलेला ओटा बांधणं. शोषखड्डा पाण्याच्या स्रोताजवळ न खोदणं. आणि युरियाचा हिशोब. लिटरला १२० मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं विहिरीचं पाणी एका एकराला दोन इंच दिलं, तर पाण्यासोबतच साडेपाच किलो नत्र जातं. म्हणजे १२ किलो युरिया, ४५ किलोच्या गोणीतला पाव भाग. प्रत्येक पाळीला. घरी हे सांगून बघा. माती परीक्षण करून तेवढा युरिया कमी टाकला तर पैसे वाचतील आणि पीक खालचं नायट्रेट वर ओढून घेईल. आरओपेक्षा हे संथ काम आहे, पण विहीर साफ होते ती यानंच.

किल्ली नसली तरी हे करा

तुम्ही ऑपरेटर नसाल, नुसता जार भरायला जात असाल, तरी पाच गोष्टी विचारता येतात:

१. मेंब्रेन शेवटची कधी धुतली, कधी बदलली?
२. नायट्रेटची शेवटची तपासणी कधी झाली आणि रिपोर्ट कुठं लावलाय?
३. मिक्सिंग व्हॉल्व्ह आहे का? किती उघडा आहे?
४. रिजेक्टचा पाइप कुठं सोडलाय?
५. वही आहे का?

पाचव्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं तर भांडू नका. दुकानातून एक शंभर पानी वही आणा, पहिल्या पानावर आजची तारीख टाका, दोन्ही टीडीएस लिहा आणि ती प्लांटच्या भिंतीला सुतळीनं अडकवा. ग्रामसभेत जाताना तीच वही सोबत न्या.